एकत्र कुटुंबाचा नवा दायभाग

घरांतील पुस्तकांचें कपाट कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न आमच्या मध्यमवर्गीय घरांत पूर्वीं सहसा कोणी विचारीत नसे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आजोबांची सही असे, तिच्याखालीं वडिलांची, आणि तिच्याहि खालीं एखाद्या नातवानें शाळेंत असतांना गिरविलेलें आपलें नांव असे. खरेदीखत, वारसपत्र आणि वाटणीपत्र हीं तिन्ही त्या सह्यांत येऊन जात. पुस्तकाला पैसे एकाचे पडले, वाचलें मात्र सर्वांनीं. आणि आजोबा गेले तरी पुस्तक कपाटांतून कोठें गेलें नाहीं. आज त्याच घरांतील नातीनें शंभर पुस्तकें विकत घेतलेलीं असतात, पण कपाटांत त्यांतलें एकहि नसतें. तीं तिच्या खात्यांत असतात. तें पुस्तक आईला वाचावयास देतां येईल कीं नाहीं, धाकट्या भावाला देतां येईल कीं नाहीं, आणि तिच्या पश्चात् तें कोणाचें, ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें घरांतील वडील माणसांकडे नसून एखाद्या परदेशी कंपनीच्या करारांत असतात. आणि तो करार घरांत कोणी वाचलेला नसतो.

हा फरक केवळ सोयीगैरसोयीचा आहे असें समजणें चुकीचें होईल. कुटुंब म्हणजे कोण, त्याची समाईक वस्तु कोणती, तिच्यांत कोणाचा हक्क केव्हां उत्पन्न होतो आणि केव्हां नाहींसा होतो, हे आपल्या धर्मशास्त्राचे आणि पुढें कायद्याचे फार जुने प्रश्न आहेत. त्यांचा निकाल लावण्यांत आठ-नऊ शतकांची बुद्धि खर्ची पडली आहे. तेच प्रश्न आज नव्या वेषांत घराघरांत शिरले असतां आपण त्यांना ओळखूं नये, हें बरें नव्हे. म्हणून ह्या लेखांत त्यांचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

आरंभ विज्ञानेश्वरापासून केला पाहिजे. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याची कारकीर्द इ. स. १०७६ ते ११२६ अशी झाली. तिच्यांतच याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका लिहिली गेली, आणि महाराष्ट्राचा कौटुंबिक कायदा मुख्यतः तिच्यावर उभा राहिला. गुजराथ, मुंबई बेट आणि उत्तर कोंकण ह्या भागांत पुढें नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखास अग्रमान मिळाला, तरी पाया मिताक्षरेचाच. विज्ञानेश्वराच्या मतें वडिलार्जित मिळकतींत पुत्राचें स्वत्व जन्मतःच उत्पन्न होतें. बापाच्या मरणाची त्याला वाट पाहावी लागत नाहीं. अशा दायास तो अप्रतिबंध दाय म्हणतो. बंगाल्यांत जीमूतवाहनानें आपल्या दायभाग ग्रंथांत ह्याच्या उलट सिद्धान्त मांडला. त्याचें म्हणणें असें कीं बापाचें स्वत्व असेपर्यंत पुत्राचें स्वत्व नाहीं. पहिलें संपेल तेव्हां दुसरें सुरू होईल. सारांश, एकाकडे हक्क जन्मानें येतो, दुसऱ्याकडे मृत्यूनें. ह्या मतभेदावर पंडितांनीं आणि मागाहून वकिलांनीं पुष्कळ शाई खर्च केली. परंतु हक्क केव्हां सुरू होतो एवढाच तो वाद होता. वस्तु घरांत राहते आणि पुढील पिढीच्या हातीं जाते, हें दोन्ही पक्षांस सारखेंच मान्य होतें.

ह्या व्यवस्थेचे गोडवेच गावे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. तिच्यांत मुलीला जागा नव्हती. विधवेला अन्नवस्त्रापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. १९३७ च्या कायद्यानें विधवेला मर्यादित हक्क मिळाला, १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तो पूर्ण झाला. मुलीला सहदायादाचा दर्जा महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सर्व देशाच्या कायद्यांत २००५ सालीं मिळाला. हा इतिहास एवढ्याचसाठीं सांगावयाचा कीं कुटुंबाचा कायदा अन्यायी असला तरी तो आपला होता. त्याच्यावर सभांतून वाद करतां येत होता, आणि विधिमंडळांत जाऊन तो बदलतांहि येत होता.

असा बदल कसा होतो ह्याचें एक उदाहरण प्रस्तुत विषयाच्या अगदीं जवळचें आहे. कुटुंबाच्या पैशानें एक मुलगा शिकला, मोठ्या हुद्द्यास चढला. त्याचा पगार कोणाचा? १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलपुढें इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील एका गृहस्थाचें प्रकरण गेलें. त्यांचें विशेष शिक्षण कुटुंबाच्या खर्चानें झालें होतें. तेव्हां त्या शिक्षणाचें फळहि कुटुंबाचेंच, असा निकाल झाला. सुशिक्षित वर्गांत ह्या निकालानें मोठी खळबळ उडाली. पुढें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनीं पुढाकार घेतला, आणि १९३० सालीं विद्याधनाचा कायदा होऊन विद्येनें मिळविलेलें धन मिळविणाराचें स्वतःचें ठरलें. पैसा कोणी घातला आणि वस्तु कोणाच्या नांवें लागली, हे दोन प्रश्न भिन्न आहेत, हा धडा त्या वेळीं मिळाला. तो पुढें आपल्याला लागणार आहे.

येथवर कुटुंबांतील आपसांतील हक्कांचा विचार झाला. पण घरांतल्या घरांत वस्तु कोणी वापरावी हें ठरविण्यापूर्वीं ती वस्तु विकणाराच्या मुठींतून पूर्णपणें सुटलेली असली पाहिजे. दुकानदार मागोमाग घरीं येऊन ‘हें पुस्तक तुम्हीं वाचा, पण बायकोला देऊं नका’ असें म्हणूं लागला, तर मिताक्षरा काय आणि दायभाग काय, दोन्ही निरुपयोगी. हें हास्यास्पद वाटतें खरें. पण असा प्रयत्न करणारे विक्रेते होऊन गेले आहेत, आणि त्यांचा कज्जा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

बॉब्ज-मेरिल ह्या प्रकाशकांनीं ‘द कास्टअवे’ ह्या कादंबरीच्या आरंभीं छापलें कीं एक डॉलरहून कमी किंमतीस हें पुस्तक विकण्याचा कोणासहि अधिकार नाहीं. न्यूयॉर्क येथील मेसीच्या प्रसिद्ध दुकानानें तें ८९ सेंटांस विकलें. १९०८ सालीं न्यायालयानें दुकानाच्या बाजूनें निकाल दिला. पुस्तकाची प्रत एकदां विकली कीं त्या प्रतीच्या पुढील प्रवासावर प्रकाशकाचा अधिकार चालत नाहीं, हें तत्त्व त्या निकालानें पक्कें झालें. पुढची लढाई ग्रामोफोनवर झाली. व्हिक्टर कंपनीनें आपल्या यंत्रांवर एक सूचना चिकटविली. तिचा मतलब असा होता कीं हें यंत्र तुम्हांला विकलेलें नसून केवळ वापरण्याचा परवाना दिलेला आहे, आणि मालकी आमचीच आहे. पैसे मात्र पुरे घेतलेले. १९१७ सालीं त्याच न्यायालयानें ही युक्ति उधळून लावली. पूर्ण किंमत घेऊन माल हातीं दिल्यावर त्याला परवाना म्हणणें म्हणजे निव्वळ सोंग होय, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांतहि हेंच तत्त्व आलें आहे. एकदां विकलेली पुस्तकाची प्रत ‘प्रचारांत आलेली’ समजली जाते, आणि तिच्या पुनर्विक्रीस लेखक किंवा प्रकाशक हरकत घेऊं शकत नाहीं.

ह्या तत्त्वावर आपलें सारें वाङ्मयीन जीवन उभें आहे, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं इतकें तें अंगवळणीं पडलें आहे. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ चें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें आणि मुंबईचें १८९८ चें. एक प्रत शेंकडों घरांतून फिरते, हाच ह्या सर्व संस्थांचा प्राण. घरांत बालगंधर्वांच्या तबकड्या आल्या तर त्या वाड्यांतील सर्वांनीं ऐकाव्या, हें गृहीतच असे. नभोवाणीला तर खरोखरीच परवाना लागे. मुंबईचें नभोवाणीकेंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि यंत्र बाळगणाऱ्यास वर्षाचे दहा रुपये भरावे लागत. पण तो परवाना यंत्राचा होता, कानांचा नव्हता. दाराशीं उभे राहून बातम्या ऐकणाऱ्या शेजाऱ्यास ‘तुम्ही ह्या कुटुंबांतले आहां काय?’ असें सरकारनेंहि कधीं विचारलें नाहीं.

मग १९१७ सालीं न्यायालयानें सोंग म्हणून फेंकून दिलेला परवाना आज पुन्हां प्रतिष्ठित कसा झाला? ह्याचें उत्तर वस्तूच्या स्वभावांत आहे, आणि येथें पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. पुस्तक शेजाऱ्याला दिलें म्हणजे तें आपल्या कपाटांतून जातें; त्याची पानें दुमडतात, शिवण सुटते. डिजिटल प्रत दिली तरी ती आपल्यापाशीं राहतेच, आणि दहाव्या माणसाकडे गेलेली प्रत पहिल्याइतकीच कोरी असते. १९९९ सालीं नॅपस्टर नांवाची सोय निघाली आणि जगभरच्या अनोळखी लोकांनीं एकमेकांस गाणीं वाटण्यास आरंभ केला, तेव्हां गायक-वादकांचें व व्यापाऱ्यांचें धाबें दणाणलें तें अकारण नव्हे. युरोपच्या न्यायालयानें २०१२ सालीं संगणकाच्या वापरलेल्या प्रोग्रामची पुनर्विक्री मान्य केली. पण २०१९ सालीं वाचून झालेल्या ई-पुस्तकाची पुनर्विक्री नाकारली ती ह्याच कारणासाठीं, कीं अशी जुनी प्रत नव्या प्रतीची जागा पूर्णपणें घेऊं शकते. लेखकाच्या पोटाचा हा प्रश्न आहे, आणि मासिकाच्या पानांवर लिहिणाऱ्या आम्हांस तरी तो हलका मानतां येणार नाहीं.

तेव्हां कुलूप आलें. २८ एप्रिल २००३ रोजीं ॲपल कंपनीनें गाण्यांचें दुकान उघडलें. गाण्याला ९९ सेंट. विकत घेतलेलें गाणें प्रथम तीन, आणि पुढील वर्षापासून पांच संगणकांवर वाजे. म्हणजे पूर्वीं ‘किती माणसांनीं ऐकावें’ हें घर ठरवीत असे, तें आतां ‘किती यंत्रांवर वाजावें’ ह्या रूपानें दुकान ठरवूं लागलें. गाण्यांवरील हें कुलूप २००९ सालीं निघालें. पुस्तकांवरील आणि चित्रपटांवरील बहुतांशीं राहिलें. उसनवारीचीहि शिस्त लागली. ॲमेझॉननें २०१० च्या अखेरीस किंडलवरील कांहीं पुस्तकें मित्रास देण्याची मुभा ठेवली. पण एक पुस्तक जन्मांत एकदांच आणि चौदा दिवसांपुरतेंच! आणि विकलेली वस्तु विकणाराच्या मुठींतच राहते ह्याचा पुरावा त्यापूर्वींच मिळून चुकला होता. जुलै २००९ मध्यें ज्या विक्रेत्यानें जॉर्ज ऑर्वेलचीं दोन पुस्तकें तेथें विक्रीस ठेवलीं होतीं त्याला तसा हक्कच नव्हता असें आढळून आलें, आणि तीं पुस्तकें ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकण्यांत आलीं. पैसे परत दिले, मागाहून कंपनीच्या प्रमुखानें क्षमाहि मागितली. त्या दोहोंपैकीं एक पुस्तक ‘१९८४’ हें होतें, ही दैवाची थट्टा. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हां सर्वच ग्राहकांचीं पुस्तकें गेलीं. पैसे तेवढे परत मिळाले. छापील पुस्तकांचा दुकानदार दुकान बंद करतांना गिऱ्हाइकांच्या घरचीं कपाटें रिकामीं करून गेला, असें आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें.

परंतु माणसें घरांत राहतात आणि घरांत वस्तु फिरावयाच्याच. नवऱ्यानें घेतलेला चित्रपट बायकोनें पुन्हां विकत घ्यावा, हें कोणत्याहि देशांत चालण्यासारखें नव्हतें. लोकांनीं ह्यावर साधा उपाय काढला. पासवर्ड एकमेकांस सांगितला. कंपन्यांनींहि अखेर कुटुंब नांवाची संस्था मान्य केली, पण तिची घटना त्यांनीं स्वतः लिहिली. ॲपलची कौटुंबिक योजना सप्टेंबर २०१४ मध्यें आली, गूगलची २०१६ मध्यें. दोहोंतहि सहा माणसांचें कुटुंब; सातवें माणूस कितीहि सख्खें असलें तरी तें बाहेर. आजी, आजोबा, आई, वडील आणि तीन मुलें असें आमच्याकडील अगदीं साधें घरसुद्धां त्यांत मावत नाहीं. ॲमेझॉनची घटना थोडी निराळी. दोन प्रौढ माणसें आणि चार मुलें. म्हणजे म्हातारे आईबाप हे त्या कुटुंबांत नाहींतच.

ह्या नव्या कुटुंबाची मिताक्षरेशीं तुलना करून पाहिली तर मौज वाटते, आणि पुढें चिंताहि वाटूं लागते. येथेंहि एक कर्ता आहे; त्याला संयोजक म्हणतात. ॲपलच्या योजनेंत सर्वांच्या खरेदीचे पैसे त्याच्या कार्डावर पडूं शकतात, आणि अज्ञान मुलाला कांहीं घ्यावयाचें असल्यास त्याची संमति घ्यावी लागते. एवढें पाहून वाटावें कीं हें जुनेंच एकत्र कुटुंब. पण पैसे कर्त्याचे गेले तरी वस्तु लागते ती ज्यानें मागविली त्याच्या खात्यांत. तो कुटुंबांतून बाहेर पडला कीं वस्तु त्याच्याबरोबर जाते, आणि बाकीच्यांचा वापर थांबतो. १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें होतें कीं कुटुंबाचा पैसा लागला म्हणून फळ कुटुंबाचें. येथें पैसा कर्त्याचा लागतो, फळ मात्र सभासदाचें, आणि कुटुंबाचें कांहींच नाहीं. खरें पाहतां ह्या एकत्र कुटुंबास एकत्र मिळकतच नाहीं. आहे ती प्रत्येकाची स्वार्जित, आणि तीहि मालकी नसून वापराची मुभा. वाटणी मागावयास कोणी न्यायालयांत गेला तर वाटावयास तेथें कांहीं सांपडणार नाहीं.

ऋणाचा भाग त्याहून विलक्षण आहे. बापाचें ऋण पुत्रानें फेडावें असें शास्त्र सांगे. पण जुगारासारख्या व्यसनापायीं काढलेलें ऋण त्याच्या माथीं मारूं नये, हेंहि तेंच शास्त्र सांगे. नव्या ऋणांपुरता पुत्राचा हा धार्मिक बोजा २००५ च्या दुरुस्तीनें काढून टाकला. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम ह्या दुकानानें २०२४ सालीं आपली सहा जणांच्या कुटुंबाची नवी योजना अंमलांत आणली. तिच्या नियमाप्रमाणें एकानें दुसऱ्याच्या संग्रहांतील खेळ खेळतांना लबाडी केली, तर ज्याचा खेळ त्याच्यावरहि त्या खेळापुरती बंदी येऊं शकते. म्हणजे धाकट्या भावाचें पाप थोरल्याच्या माथीं! कुटुंब सोडून गेल्यास ती रिकामी जागा वर्षभर भरतां येत नाहीं, असाहि नियम आहे. आमच्याकडे सुतकसुद्धां दहा दिवसांत फिटतें.

आतां घर कशाला म्हणावें ह्या प्रश्नाकडे वळूं. एकत्र अन्न, एकत्र देवपूजा आणि एकत्र मिळकत हीं अविभक्तपणाचीं लक्षणें आपले कायदेपंडित सांगत आले. जनगणनेंतहि एका स्वयंपाकघरांत जेवणारीं माणसें म्हणजे एक कुटुंब असा ठोकताळा आहे. शिकावयास किंवा नोकरीनिमित्त परगांवीं राहिलेला मुलगा केवळ त्यामुळें विभक्त होत नाहीं, हें तर ठरलेलेंच. नेटफ्लिक्स कंपनीनें २०१७ सालीं पासवर्ड वांटून घेणें हेंच प्रेम अशा अर्थाचें एक गोड वाक्य प्रसिद्ध केलें होतें. पुढें १० कोटींहून अधिक घरें दुसऱ्यांच्या खात्यांवर चित्रपट पाहतात असा तिचाच हिशेब २०२२ सालीं निघाला, आणि प्रेम आटलें. २०२३ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत व जुलै महिन्यांत आपल्याकडे तिनें नवा नियम लागू केला. त्याप्रमाणें घर म्हणजे मुख्य ठिकाणच्या इंटरनेटशीं जोडलेल्या यंत्रांचा समूह. चुलीची जागा तारेनें घेतली. पुण्यास वसतिगृहांत राहणारी मुलगी सोलापूरच्या घराला परकी झाली. आणि त्याच जोडणीवर पाहणारा भाडेकरू मात्र घरचा दिसूं लागला. कंपनीचा हिशेब चुकला असें म्हणतां येत नाहीं. त्या वर्षाच्या शेवटीं तिचे वर्गणीदार सुमारें २६ कोटी झाले होते. पण व्यापाराची व्याख्या म्हणून जें शहाणपणाचें, तें कुटुंबाची व्याख्या म्हणून ग्राह्य होत नाहीं.

ही सर्व गैरसोय सहन करतां येईल. पासवर्डावरून भावाबहिणींत रुसवे होतील, मिटतीलहि. खरी कसोटी मृत्यूच्या वेळीं लागते. आमच्या परिचयाच्या एका घरीं कर्ते गृहस्थ अकस्मात् वारले. सर्व खातीं त्यांच्या नांवें, संयोजक तेच. बँकेनें नियमाप्रमाणें कार्ड बंद केलें. त्याबरोबर महिन्याची वर्गणी थांबली. नातवंडांसाठीं घेतलेलीं पुस्तकें दिसेनाशीं झालीं, आणि दहा-अकरा वर्षांचीं घरचीं छायाचित्रें ज्या खात्यांत होतीं त्याचें दार लागलें. कंपनीकडे लिहिलें तर उत्तर आलें कीं खातें व्यक्तीचें असून तें हस्तांतर होत नाहीं. त्या बाईंनीं चाळीस वर्षें घरच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला बाळगला होता. तिजोरीची, कोठीची, कपाटांची, प्रत्येक किल्ली त्यांना अंधारांत ओळखतां येत असे. ही एक किल्ली मात्र त्यांच्या हातीं कधीं आलीच नव्हती, आणि ती मागावी असें त्यांना कोणीं सुचविलेंहि नव्हतें.

मिताक्षरेंत हक्क जन्मानें मिळतो, दायभागांत मृत्यूनें मिळतो. ह्या नव्या शास्त्रांत तो जन्मानेंहि मिळत नाहीं आणि मृत्यूनें उलट संपतो. नऊ शतकें ज्या एका गोष्टीवर दोन्ही पक्ष एकमत होते, तीच येथें मोडली आहे. आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणाचें मर्म हेंच.

ह्यावर कायद्याचे कांहीं प्रयत्न सुरू झाले आहेत, आणि ते आशाजनक आहेत. बर्लिन येथें २०१२ सालीं मृत्यु पावलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचें फेसबुकचें खातें तिच्या आईवडिलांस उघडूं द्यावें कीं नाहीं, हा खटला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. १२ जुलै २०१८ रोजीं न्यायालयानें ठरविलें कीं पत्रें आणि रोजनिशी ज्याप्रमाणें वारसांकडे जातात, त्याप्रमाणें खात्याचा करारहि त्यांच्याकडे जातो. ॲपलनें २०२१ च्या अखेरीस आपल्या पश्चात् खातें उघडणाऱ्या माणसाचें नांव आगाऊ नोंदविण्याची सोय केली. छायाचित्रें, पत्रें वगैरे त्या माणसाला मिळतात. विकत घेतलेलीं पुस्तकें, गाणीं आणि चित्रपट मात्र मिळत नाहींत. कॅलिफोर्निया संस्थानांत १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे कीं केवळ परवाना द्यावयाचा असेल तर तसें स्पष्ट सांगितल्यावांचून ‘विकत घ्या’ हा शब्द वापरूं नये. १९१७ च्या निकालानें परवान्याचें सोंग उतरविलें होतें. ह्या कायद्यानें सोंगाला सोंग म्हणावें एवढेंच ठरविलें. तेंहि कांहीं थोडें नाहीं. आपल्या देशांत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयींच्या कायद्यांत आपल्या पश्चात् आपले त्या माहितीवरील हक्क बजावण्यास कोणाचें तरी नांव नेमण्याची तरतूद आहे. तीहि माहितीपुरती, पुस्तकांचें कपाट अजून बाहेरच राहिलें.

आमचें म्हणणें असें नाहीं कीं डिजिटल वस्तूची नक्कल सर्व जगाला फुकट वाटूं द्यावी. लेखकाचें पोट आणि घराचा हक्क ह्या दोहोंची सांगड घालणें अशक्य नाहीं. छापील पुस्तकानें ती पांच शतकें घातली. एक प्रत एका घरांत फिरली म्हणून लेखक बुडाले नाहींत. उलट त्याच घरांतून त्यांचे पुढचे वाचक निघाले. म्हणून पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तु, ज्याच्या खात्यांत ती आहे त्याच्या मृत्यूनंतर निदान एका वारसाकडे जावी, आणि कुटुंब कोणाचें हें कुटुंबानें सांगावें, एवढी मागणी कोणत्याहि विधिमंडळानें ऐकण्यासारखी आहे. जयकरांच्या कायद्यालाहि निकालानंतर नऊ वर्षें लागलीं होतीं. प्रश्न प्रश्न म्हणून ओळखला गेला म्हणजे कायदा आज ना उद्यां येतो.

तोंपर्यंत घरांनीं आपलें घर संभाळावें. कोणतीं खातीं कोणाच्या नांवें आहेत, पैसे कोठून जातात आणि किल्ली कोठें आहे, ह्याची एक यादी कागदावर लिहून मृत्युपत्राशेजारीं ठेवावी, आणि ती घरांतील बायकांना ठाऊक असावी. पश्चात् नेमावयाचें नांव नोंदविण्याची सोय जेथें आहे तेथें तें आजच नोंदवावें. छायाचित्रांची एक प्रत कंपनीच्या कोठीबाहेर, आपल्या घरांत असावी. आणि जें पुस्तक नातवंडांनीं वाचावें असें मनापासून वाटतें, तें छापील घ्यावें, पहिल्या पानावर सही करावी, आणि खालीं पुढल्या दोन सह्यांपुरती जागा मोकळी सोडावी.